हरभऱ्याची क्षारसहनशीलता : रोपावस्थेतील चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

भारतातील क्षारबाधित जमिनींचे क्षेत्र सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. त्यांपैकी सुमारे ३७.७ लाख हेक्टर जमीन चोपण, तर सुमारे २९.६ लाख हेक्टर जमीन खारवट स्वरूपाची मानली जाते. राज्यांचा विचार करता असे सर्वाधिक क्षेत्र गुजरातमध्ये असून त्याखालोखाल उत्तर प्रदेशाचा क्रम लागतो. महाराष्ट्रात विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि पश्चिम महाराष्ट्रातील बागायती भागांतील क्षारपड जमिनी ही या समस्येची परिचित उदाहरणे होत. अशा जमिनींत सातू, कापूस, गहू ही पिके काही मर्यादेपर्यंत तग धरतात. कडधान्ये मात्र पीकपद्धतीतून सर्वांत आधी बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर जमिनीला मिळणारे नत्र जाते आणि कुटुंबाच्या आहारातील डाळही कमी होते. म्हणूनच क्षार सहन करणारे हरभरा, मसूर, मूग यांचे वाण शोधण्याच्या कामास महत्त्व आहे.

या शोधाची सुरुवात बहुधा प्रयोगशाळेतील रोपांपासून होते. मिठाच्या द्रावणात बी रुजवणे स्वस्त असते, आठवड्याभरात निकाल हाती येतो आणि एकाच वेळी शेकडो वाण तपासता येतात. परंतु या निकालाचा अर्थ लावताना अनेकदा गल्लत होते. पेट्रीपात्रात उत्तम रुजलेला वाण क्षारसहनशील म्हणून नोंदवला जातो आणि शेतात त्याच वाणाला घाटेच धरत नाहीत. रोपावस्थेतील चाचणी ही नको असलेले वाण गाळण्याची चाळणी आहे, हवे असलेले वाण निवडण्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे प्रस्तुत लेखात हरभऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

खारवट आणि चोपण : दोन निरनिराळ्या अडचणी

जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी आणि विनिमयशील सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ती जमीन खारवट समजली जाते. अशा जमिनीत सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्लोराईड आणि सल्फेट हे विद्राव्य क्षार विपुल असतात. उन्हाळ्यात पृष्ठभागावर दिसणारा पांढरा थर हे तिचे लक्षण होय.

चोपण जमिनीत विद्राव्य क्षार कमी असले, तरी मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असते व सामू ८.५ च्या पुढे जातो. चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्याचा निचरा थांबतो, हवा खेळत नाही आणि वाळल्यावर वरचा थर कडक होतो. येथे कोवळ्या रोपाला सोडियमच्या जोडीने घट्ट पापुद्रा, ऑक्सिजनची उणीव आणि जस्त व लोह यांची कमतरता यांनाही तोंड द्यावे लागते.

हा भेद प्रयोगाच्या आखणीत पहिल्याच पायरीवर ध्यानात घेणे आवश्यक आहे. सोडियम क्लोराईडच्या द्रावणात घेतलेली चाचणी खारवट जमिनीविषयी काही सांगू शकते, चोपण जमिनीविषयी जवळजवळ काहीच नाही. चोपण जमिनीसाठी वाण तपासायचा असेल, तर त्याच जमिनीची माती कुंडीत घेऊन किंवा सोडियम बायकार्बोनेटने मातीचा सामू वाढवून चाचणी करणे योग्य ठरते.

कडधान्ये इतकी संवेदनक्षम का?

पिकांच्या क्षारसहनशीलतेची तुलना करण्यासाठी मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. तीत प्रत्येक पिकासाठी दोन आकडे दिलेले असतात. ज्या विद्युतवाहकतेपर्यंत उत्पादन घटत नाही ती मर्यादा हा पहिला आकडा आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे होणारी टक्केवारीतील घट हा दुसरा. सातूची मर्यादा ८.० व घट ५ टक्के, कापसाची ७.७ व ५.२ टक्के, तर गव्हाची ६.० व ७.१ टक्के आहे. शिंबावर्गीय पिकांत सोयाबीनची मर्यादा ५.० व घट २० टक्के, चवळीची ४.९ व १२ टक्के, भुईमुगाची ३.२ व २९ टक्के, तर घेवड्याची केवळ १.० व १९ टक्के इतकी आहे.

या आकड्यांत दुसरा आकडा अधिक बोलका आहे. विद्युतवाहकता ७ असलेल्या जमिनीत कापसाचे उत्पादन या गणिताप्रमाणे मुळीच घटत नाही, सोयाबीनचे मात्र ४० टक्क्यांनी घटते. शिंबावर्गातील अनेक पिके मर्यादा ओलांडताच झपाट्याने कोसळतात. शिवाय हे आकडे प्रामुख्याने रोप रुजून स्थिरावल्यानंतरच्या वाढीसाठी आहेत. उगवणीच्या काळात पीक किती क्षार सोसते, हे त्यांवरून ठरवता येत नाही.

क्षारांचा परिणाम दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा परासरणाचा. मुळाभोवतीच्या द्रावणात क्षार वाढले की पाणी असूनही ते शोषून घेणे रोपाला कठीण जाते आणि नव्या पानांची वाढ मंदावते. हा परिणाम तत्काळ दिसतो व क्षार कोणता आहे यावर फारसा अवलंबून नसतो. दुसरा टप्पा आयनांच्या विषारीपणाचा. सोडियम व क्लोराईड हळूहळू पानांत साचतात, जुनी पाने कडेने करपू लागतात आणि पाने गळण्याचा वेग नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की रोप खंगते. या टप्प्यास दिवस वा आठवडे लागतात.

वनस्पतीकडे यावर काही उपाय असतात. मुळांच्या पेशीपटलावरील एसओएस-१ हे वाहक प्रथिन सोडियम बाहेर टाकते. एनएचएक्स गटातील वाहक प्रथिने त्याला रिक्तिकेत कोंडून ठेवतात, जेणेकरून पेशीद्रवातील विकरांना अपाय होऊ नये. प्रोलिनसारखी द्रव्ये पेशीद्रवात साठवून परासरणाचा तोल सांभाळला जातो. घेवड्यासारख्या पिकांत मुळे व खोडाचा खालचा भाग सोडियम अडवून ठेवतात. सोयाबीनमध्ये क्लोराईड पानांपर्यंत पोहोचू न देणारे व पोहोचू देणारे असे दोन प्रकारचे वाण असतात, आणि हा गुण आनुवंशिक असल्याचे १९६९ मध्ये दाखवण्यात आले. पुढे २०१४ मध्ये सोयाबीनच्या क्षारसहनशीलतेशी निगडित असलेले एक महत्त्वाचे जनुक ओळखले गेले. हरभऱ्यातही खोडपानांतील क्लोराईडचे प्रमाण सोडियमपेक्षा अधिक असते. पाने, खोड व घाटे यांवरील ग्रंथिमय केस काही क्लोराईड बाहेर टाकतात. त्यामुळे कडधान्यांत केवळ सोडियम मोजून निष्कर्ष काढणे अपुरे ठरते.

कडधान्यांची आणखी एक अडचण त्यांच्याच सामर्थ्यातून येते. त्यांचे नत्र मुळांवरील गाठींतून मिळते. हरभऱ्याचे रायझोबियम जिवाणू मुक्त अवस्थेत हरभऱ्याच्या रोपापेक्षा जास्त क्षार सहन करतात. तरीही मूलरोमांतून त्यांचा प्रवेश, गाठींची संख्या, गाठींचा आकार आणि नत्र स्थिरीकरणाची क्षमता या सर्वांवर क्षारांचा विपरीत परिणाम होतो. भागीदारीतील जिवाणू सशक्त असला, तरी यजमान रोप दुबळे पडले की भागीदारी जुळत नाही.

बी रुजताना काय घडते?

कोरडे बी प्रथम वेगाने पाणी शोषते. मग काही काळ शोषण थांबल्यासारखे दिसते, पण आत साठवलेल्या अन्नाचे विघटन सुरू झालेले असते. त्यानंतर मूलांकुर बीजावरण फोडून बाहेर येतो व पुन्हा पाणी वेगाने आत जाते. क्षारद्रावणात पहिला टप्पा मंदावतो, दुसरा लांबतो आणि तिसऱ्यात मूलांकुर आखूड राहतो. म्हणजे सौम्य क्षारतेत अंतिम उगवण तेवढीच राहून केवळ उशीर होऊ शकतो. शेतात मात्र या उशिराची किंमत मोजावी लागते, कारण तेवढ्या वेळात वाफसा उडून जातो आणि उरलेल्या ओलीतील क्षार अधिक तीव्र होतात.

बीजदलांच्या स्थानाचाही येथे संबंध येतो. हरभरा, मसूर, तूर व वाटाणा यांची बीजदले जमिनीतच राहतात. मूग, उडीद, चवळी, सोयाबीन व घेवडा यांची बीजदले जमिनीवर येतात. क्षार सर्वाधिक साचतात ते वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात. मुगाच्या रोपाला बीजदलांसह हा थर भेदावा लागतो. हरभऱ्याचा कोंब तुलनेने सहज वर येतो आणि त्याचा शेंडा करपला, तरी बीजदलांच्या बेचक्यातून नवा कोंब फुटण्याची शक्यता राहते. ही क्षमता सपाट पेट्रीपात्रात दिसून येत नाही.

चाचणीची योग्य रीत

सर्वसाधारणपणे सोडियम क्लोराईडची ४०, ८० व १२० मिलिमोल प्रति लिटर अशी द्रावणे घेतली जातात. त्यांसाठी एक लिटर द्रावणात अनुक्रमे २.३४, ४.६८ व ७.०१ ग्रॅम मीठ लागते. ढोबळमानाने दर १० मिलिमोलमागे विद्युतवाहकता एका डेसीसायमनने वाढते. तथापि, प्रत्यक्ष मापकाने ती मोजून नोंदवणे इष्ट. चाचणीत पुढील दक्षता घ्याव्यात.

पहिली दक्षता, साध्या पाण्यातील नियंत्रण नोंद प्रत्येक वाणासाठी स्वतंत्र असावी. जुने वा दुबळे बियाणे साध्या पाण्यातही नीट रुजत नाही. तो दोष क्षारांच्या माथी मारला जाऊ नये. सर्व वाणांचे बियाणे शक्यतो एकाच हंगामातील व एकाच ठिकाणी पिकवलेले असावे.

दुसरी, परासरणाचा परिणाम आणि आयनांचा परिणाम वेगळे ओळखता यावेत म्हणून समान परासरण दाबाच्या मॅनिटॉलच्या द्रावणातही बी लावावे. सोडियम क्लोराईडचे पाण्यात दोन आयन होतात, मॅनिटॉलचे होत नाहीत. म्हणून मॅनिटॉलची संहती जवळजवळ दुप्पट ठेवावी लागते. दोन्ही द्रावणांत रोप सारखेच खुंटले, तर अडचण पाण्याची आहे. मिठात अधिक खुंटले, तर ती विषारीपणाची आहे.

तिसरी, द्रावणात थोडे कॅल्शियम अवश्य असावे. कॅल्शियमविरहित शुद्ध मिठाच्या द्रावणात पेशीपटले दुबळी होतात व परिणाम वाजवीपेक्षा तीव्र दिसतो. शेतजमिनीत कॅल्शियम असतेच.

चौथी, प्रयोगशाळेतील व शेतातील आकडे एकच समजू नयेत. जमिनीची विद्युतवाहकता संपृक्त अर्कात मोजतात. त्या वेळी मातीत भरपूर पाणी मिसळलेले असते. शेतात निचरा झाल्यानंतर मातीत राहणाऱ्या ओलीत क्षारांची तीव्रता साधारणपणे त्याच्या दुप्पट असते, आणि माती सुकत जाते तशी ती आणखी वाढते. म्हणजे जमिनीचा अहवाल ८ दाखवत असेल, तर तेथील बियाला प्रत्यक्षात १६ च्या आसपासच्या द्रावणाशी सामना करावा लागतो.

पाचवी, चाचणी किती दिवस चालली याचा स्पष्ट उल्लेख हवा. पहिल्या आठवड्यात रोप बीजदलांतील साठ्यावर जगते. मोठ्या दाण्याच्या काबुली हरभऱ्याचे रोप त्या वेळी लांब दिसले, तर तो दाण्याच्या साठ्याचा गुण असू शकतो, क्षारसहनशीलतेचा नव्हे. आयनांचा विषारीपणा तर तोवर सुरूही झालेला नसतो. म्हणून आठवड्याच्या चाचणीत टिकलेले वाण पुढे वाळूच्या कुंडीत पोषकद्रावणासह तीन-चार आठवडे वाढवून पाहावेत. त्यांपैकी एक गट रायझोबियमची प्रक्रिया करून, नत्रखताविना वाढवावा. भरपूर नायट्रेट मिळालेले रोप गाठींची अडचण लपवते.

आकड्यांचा अर्थ

रोपाचा जोम मोजण्यासाठी उगवणीची टक्केवारी आणि रोपाची लांबी यांचा गुणाकार करतात. त्यास जोम निर्देशांक म्हणतात. आकडेमोडीपुरते दोन काल्पनिक वाण घेऊ. पहिल्या वाणाची साध्या पाण्यात उगवण ९५ टक्के व लांबी १६ सेंटिमीटर आहे, म्हणून निर्देशांक १,५२०. क्षारद्रावणात उगवण ८५ टक्के व लांबी ६ सेंटिमीटर, म्हणून निर्देशांक ५१०. दुसऱ्या वाणाची साध्या पाण्यात उगवण ९० टक्के व लांबी १० सेंटिमीटर, निर्देशांक ९००. क्षारद्रावणात उगवण ७५ टक्के व लांबी ६ सेंटिमीटर, निर्देशांक ४५०.

केवळ उगवण पाहिली, तर पहिला वाण मूळ उगवणीच्या सुमारे ८९ टक्के उगवण टिकवतो आणि सरस वाटतो. जोम पाहिला, तर तो मूळ जोमाच्या केवळ सुमारे ३४ टक्के टिकवतो, दुसरा ५० टक्के. या मापाने दुसरा सरस ठरतो. परंतु क्षारद्रावणातील प्रत्यक्ष जोम पहिल्याचाच जास्त आहे. यांपैकी कोणता आकडा खरा? दोन्ही खरे आहेत, पण ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. क्षारांमुळे होणारी घट किती, हा पैदासकाराचा प्रश्न. क्षारांतही उभे काय राहील, हा शेतकऱ्याचा प्रश्न. अहवालात दोन्ही आकडे द्यावेत. एकच देऊन वाणाची वर्गवारी करू नये.

रोपावस्थेपलीकडे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हरभऱ्याचे काही वाण ३२० मिलिमोल सोडियम क्लोराईडमध्येही रुजू शकतात. परंतु पोषकद्रावणात वाढवलेल्या हरभऱ्याचे अतिसंवेदनक्षम वाण केवळ २५ मिलिमोलमध्ये मरतात आणि सहनशील वाणही १०० मिलिमोलमध्ये सहसा जगत नाहीत. म्हणजे उगवणीच्या वेळी जेवढे क्षार बी सोसते, त्याच्या एक तृतीयांश क्षारही पुढे रोपाला पेलत नाहीत. अशा पिकात उगवणीच्या टक्केवारीवरून वाण निवडणे किती फसवे ठरेल, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

रोपाची पुढची वाढ पाहून तरी निवड करता येईल का? हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हरभऱ्याच्या २६३ वाणांचा क्षारयुक्त मातीतील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. क्षारतेत मिळालेल्या दाण्यांच्या उत्पादनात वाणावाणांत सहापट तफावत आढळली. ही पैदासकारांसाठी आशादायक बाब होय. मात्र पेरणीनंतर ५० दिवसांनी मोजलेल्या खोडपानांच्या वजनाचे प्रमाण आणि अखेरच्या दाण्यांच्या उत्पादनाचे प्रमाण यांत अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. खोडपानांतील सोडियम व पोटॅशियम यांच्या प्रमाणाचाही सहनशीलतेशी संबंध दिसला नाही. सहनशील वाणांचे ठळक वैशिष्ट्य म्हणजे भरलेल्या घाट्यांची मोठी संख्या टिकवून ठेवण्याची क्षमता. दाण्याचा आकार सहनशील व संवेदनक्षम वाणांत सारखाच होता.

याचा अर्थ असा की हरभऱ्यात क्षारांची निर्णायक परीक्षा फुलोरा व घाटे धरण्याच्या काळात होते. पानांनी हिरवेगार दिसणारे शेत घाट्यांनी रिकामे असू शकते. तोवर शेतकऱ्याचा बियाण्याचा, मशागतीचा व पाण्याचा खर्च होऊन गेलेला असतो आणि रब्बी हंगामही हातचा निघून गेलेला असतो.

मग रोपावस्थेतील चाचणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. जो वाण रुजतच नाही, त्याला घाटे धरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शेतात रोपांची संख्या विरळ झाली, तर पुढे कोणताही उपाय ती पूर्णपणे भरून काढू शकत नाही. शेकडो वाणांतून उगवणीतच बाद होणारे वाण आठवड्याभरात वेगळे करणे, हे या चाचणीचे खरे कार्य होय. उरलेल्या वाणांची खरी निवड क्षारयुक्त मातीत दाणे पक्व होईपर्यंत वाढवूनच करावी लागते. कर्नाल येथे १९६९ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘कर्नाल चना-१’ हा वाण सुमारे ६ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंतची विद्युतवाहकता व ९ पर्यंतचा सामू असलेल्या जमिनींसाठी शिफारस केला जातो. अशी शिफारस पेट्रीपात्रातील उगवणीवरून करता येत नाही, त्यासाठी शेतातील उत्पादन पाहावे लागते.

शेतासाठी काय घ्यावे?

वाण सहनशील असला, तरी रोपावस्थेतील पहिले दोन-तीन आठवडे सुसह्य करणे शेतकऱ्याच्या हाती आहे. पेरणीपूर्वी चांगल्या पाण्याचे एक पाणी देऊन वरच्या थरातील क्षार मुळांच्या खाली नेणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. मात्र त्यासाठी निचरा असणे आवश्यक आहे. चोपण जमिनीत माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळून आधी निचरा सुधारावा लागतो. सरी-वरंब्यावर पेरणी करताना बी वरंब्याच्या माथ्यावर न टोकता बगलेत, पाण्याच्या रेषेजवळ टोकावे, कारण पाण्याबरोबर सरकणारे क्षार माथ्यावर साचतात. हरभऱ्याचे बी सुमारे आठ तास चांगल्या पाण्यात भिजवून, सावलीत वरचेवर सुकवून व रायझोबियमची प्रक्रिया करून पेरल्यास पाणी शोषण्याचा पहिला टप्पा शेताबाहेरच पार पडतो व उगवण लवकर होते. विहिरीचे पाणी खारे असेल, तर भिजवण्यासाठी ते वापरू नये. अपेक्षित उगवण कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण थोडे वाढवावे.

सारांश, क्षारसहनशीलता हा कडधान्यांचा एकच एक गुण नाही. बी रुजणे, रोप स्थिरावणे, मुळांवर गाठी धरणे आणि घाटे भरणे या चार स्वतंत्र परीक्षा आहेत. त्यांपैकी पहिलीत मिळालेले गुण चौथीच्या निकालात मिळवता येत नाहीत. संशोधन अहवालात ‘क्षारसहनशील’ हा शब्द वापरताना कोणत्या अवस्थेत, कोणत्या क्षारात, किती विद्युतवाहकतेला आणि किती दिवस, हे चार तपशील सोबत दिल्यास पुढील संशोधकाचा वेळ वाचेल आणि खारवट जमिनीत हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्याचा हंगामही.